राजगिऱ्याएवढ्या जिवाला विचारलेला प्रश्न

काचेच्या लहानशा बीकरमध्ये स्वच्छ पाणी आणि त्यात पाच जीव. प्रत्येक जेमतेम राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. जन्माला येऊन अजून चोवीस तासही झालेले नाहीत. पाण्यात एका नव्या रसायनाची अगदी बारीक मात्रा मिसळलेली आहे. ४८ तासांनी तपासणारा येतो, बीकर हलकेच हलवतो आणि घड्याळाकडे बघत थांबतो. पंधरा सेकंद. तेवढ्या वेळात जो जीव पोहायला लागत नाही, त्याची नोंद 'निश्चल' अशी होते.

नवं कीटकनाशक असो, रंगात घालायचं द्रव्य असो की धुलाईच्या पावडरीतला घटक असो, त्याचं पुढे काय होणार हे ज्या परीक्षांवर ठरतं त्यांतली ही एक. परीक्षक आहे डॅफ्निया मॅग्ना, म्हणजे पाण्यातली पिसू. पिसू म्हणत असले तरी ती कुणाला चावत नाही आणि कीटकही नाही. झिंगे आणि खेकड्यांच्या कुळातली आहे. ती झटके देत पोहते आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ गाळून खाते. तिचं शरीर इतकं पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारं हृदय दिसतं, पोटात गेलेल्या शेवाळाची हिरवी रेघ दिसते, पाठीवरच्या कप्प्यातली अंडीही दिसतात. मला या सगळ्या विषयाचं वेड लागलं ते या जिवामुळे. लाखो टनांच्या उद्योगाला 'थांबा' म्हणण्याची ताकद निसर्गाने केवढ्याशा देहात ठेवली आहे!

तिचीच निवड का झाली, याची कारणं तिच्या जगण्यात आहेत. ती शेवाळ खाते आणि लहान मासे तिला खातात. म्हणजे तळ्याच्या अन्नसाखळीच्या ती बरोबर मध्यावर उभी असते. तिथून ती नाहीशी झाली तर खाली शेवाळ माजतं आणि वर मासे उपाशी पडतात. दुसरं कारण आणखी विलक्षण आहे. परिस्थिती चांगली असेल तोवर डॅफ्नियाच्या माद्या नराशिवायच पिल्लं घालतात आणि ही सगळी पिल्लं आईची हुबेहूब नक्कल असतात. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या सगळ्या पिसवा एकाच वाणाच्या राहतात. निकालात फरक पडलाच तर तो रसायनामुळे, जिवाजिवांतल्या आनुवंशिक भेदामुळे नव्हे. गर्दी झाली, अन्न आटलं किंवा थंडी आली की मग नर जन्मतात आणि कठीण कवचातली विश्रांतीची अंडी तयार होतात. म्हणून ज्या टाकीत नर किंवा अशी अंडी दिसतात, तिथल्या पिसवा परीक्षेला घेत नाहीत. त्या आधीच ताणात आहेत असं समजतात.

या चाचणीचे नियम ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत लिहिलेले आहेत. रसायनाच्या चढत्या क्रमाने किमान पाच मात्रा घ्यायच्या आणि प्रत्येक मात्रेला किमान वीस पिल्लं. शिवाय नुसत्या पाण्यातली पिल्लंही वेगळी ठेवायची. त्यांतलीच दहा टक्क्यांहून जास्त निश्चल झाली तर अख्खी चाचणी रद्द. मधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेट हे ओळखीचं विष देऊन पिसवांची संवेदनशीलता जागेवर आहे ना, हेही पाहायचं. परीक्षकाचीही परीक्षा घेणारी ही शिस्त मला फार मोलाची वाटते. अशा शिस्तीमुळेच एका देशातला आकडा दुसऱ्या देशात विश्वासाने वाचता येतो. चाचण्यांचे निकाल परस्परांनी मान्य करण्याच्या ओईसीडीच्या व्यवस्थेत भारत २०११ मध्ये पूर्ण सहभागी झाला. तेव्हापासून मान्यताप्राप्त भारतीय प्रयोगशाळेत पिसवांनी दिलेला कौल युरोपातल्या अधिकाऱ्यालाही ग्राह्य धरावा लागतो. तीच चाचणी तिथे पुन्हा करून आणखी जीव खर्ची घालायचे नाहीत.

जी मात्रा निम्म्या जिवांना निश्चल करते, ती निकाल म्हणून लिहिली जाते. परदेशातून आलेल्या एखाद्या डब्यावर लाल चौकटीत मेलेला मासा आणि वठलेलं झाड असं चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्यामागे बहुतेकदा असलाच एखादा आकडा असतो. एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने पिसू, मासा किंवा शेवाळ यांपैकी कुणीही कोलमडलं, तर ते रसायन पाण्यातल्या जिवांसाठी सर्वांत घातक गटात पडतं.

शेवाळाची गोष्टही सांगायलाच हवी. १९५९ मध्ये नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून ओलाव स्कुलबर्ग या शास्त्रज्ञाने चंद्रकोरीच्या आकाराचं एक सूक्ष्म हिरवं शेवाळ वेगळं काढलं. त्याच एका नमुन्याचा वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. त्याची चाचणी ७२ तासांची. शेवाळाच्या दृष्टीने हा काळ पिढ्यान् पिढ्यांचा. तेवढ्यात वाढ किती मंदावली, ते मोजायचं.

शेवाळ, पिसू आणि मासा असे तीन निकाल हाती आले, तरी त्यांच्यावर थेट भिस्त ठेवत नाहीत. युरोपच्या पद्धतीत या तिघांपैकी जो सर्वांत नाजूक ठरला, त्याच्या आकड्याला हजाराने भागतात आणि येणारं उत्तर 'नदीत एवढं असेल तर बहुधा चालेल' अशी मर्यादा म्हणून धरतात. प्रयोगशाळेतले तीन जीव नदीतल्या हजारो जातींचे प्रतिनिधी आहेत आणि दोन-चार दिवसांचा प्रयोग वर्षानुवर्षांच्या संपर्काच्या जागी उभा आहे, ही जाणीव त्या हजारात आहे. दीर्घकाळच्या चाचण्या जसजशा हाती येतात तसा हा भाजक खाली येतो. तिन्ही पातळ्यांवरच्या दीर्घ चाचण्या असतील तर तो दहा होतो. विज्ञानाने आपलं अज्ञान इतक्या प्रामाणिकपणे आकड्यात लिहून ठेवल्याची उदाहरणं थोडीच आहेत.

हे सगळं केव्हा करायचं, हा खरा कळीचा मुद्दा. नवा रेणू प्रथम तयार होतो तेव्हा तो चंचुपात्राच्या तळाशी काही मिलिग्रॅम असतो. मग काही ग्रॅम, मग किलो लॅब, मग पायलट प्लांट आणि शेवटी टाक्या, पाइप आणि टँकर. महाडला किंवा लोटे-परशुरामला एकदा कारखाना उभा राहिला, माल विकला जाऊ लागला, गिऱ्हाइकाला सवय लागली, की 'हा रेणू नको' हे वाक्य कोट्यवधींचं होतं. मिलिग्रॅमच्या टप्प्यावर तेच वाक्य फुकट असतं. तिथे नुसता रेणू नाकारता येतो असं नाही, त्याची एखादी फांदी कापून तो बदलताही येतो. अडचण एवढीच की त्या टप्प्यावर चाचणीला पुरेल इतका मालच हातात नसतो.

मग कमीत कमी मालातून जास्तीत जास्त कसं ओळखायचं? पहिला प्रश्न जुना आणि साधा आहे. हा रेणू पाण्यात राहणं पसंत करतो की चरबीत? बाटलीत पाणी आणि ऑक्टेनॉल घालायचं. ऑक्टेनॉल हे आठ कार्बनची शेपटी असलेलं, पाण्यात न मिसळणारं अल्कोहोल. त्यात रसायन टाकून हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे आणि कुठल्या थरात किती गेलं ते मोजायचं. दोन्हींच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतला की एक छोटा आकडा मिळतो. आकडा तीन आला तर रसायन ऑक्टेनॉलमध्ये हजारपट जास्त. डीडीटीचा आकडा सातच्या जवळ आहे, म्हणजे लाखो पटींनी जास्त.

या आकड्याचं मूळ विषशास्त्रात नाही, भूलशास्त्रात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हर्टन हे दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे बेडकाच्या पिल्लांना निरनिराळी द्रव्यं देऊन ती कधी गुंगतात ते पाहत होते. दोघांना एकच गोष्ट दिसली. जे द्रव्य तेलात जास्त उतरतं, ते पिल्लाला कमी मात्रेत गुंगवतं. पेशीभोवतीचं आवरण चरबीचं असतं आणि द्रव्य तिथे शिरून बसतं. पुढे १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात कॉर्विन हान्श यांनी तेलाऐवजी ऑक्टेनॉल घेतलं आणि रेणूचा कुठला तुकडा या आकड्यात किती भर घालतो याचा हिशेब मांडला. तेव्हापासून बाटली न हलवताही, कागदावरची रचना पाहून आकड्याचा अंदाज बांधता येऊ लागला.

मग १९८१ मध्ये कोनेमान नावाच्या संशोधकाने पन्नास औद्योगिक प्रदूषकं घेतली आणि ती गप्पी माशांवर तपासली. आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात, तेच गप्पी. मृत्यूची मात्रा आणि ऑक्टेनॉलचा आकडा एकमेकांसमोर मांडल्यावर ते पन्नास बिंदू एका सरळ रेषेच्या आजूबाजूला उभे राहिले! एकमेकांशी काहीच नातं नसलेली रसायनं, पण त्यांचं विषारीपण चरबीच्या ओढीवरून आधीच सांगता येत होतं. ही रेषा म्हणजे प्रत्येक रेणूत असणारा किमान विषारीपणा. तिच्यापेक्षा फार जास्त विषारी निघालेल्या रेणूकडे शास्त्रज्ञ बारकाईने बघतात, कारण तो नुसता आवरणात शिरून थांबलेला नसतो. तो शरीरातल्या एखाद्या नेमक्या यंत्रणेला हात घालतो आहे, असं त्यातून कळतं.

अमेरिकेत या युक्तीला कायद्याच्या अडचणीने बळ दिलं. १९७६ च्या रसायन नियंत्रण कायद्याप्रमाणे नव्या रसायनाची सूचना आली की पर्यावरण संस्थेला ९० दिवसांत विचार करायचा होता. मात्र सूचनेबरोबर विषारीपणाच्या चाचण्या जोडल्याच पाहिजेत, अशी सक्ती नव्हती. हाती कित्येकदा फक्त रेणूचं चित्र असायचं. त्या चित्रावरूनच मासा, पिसू आणि शेवाळ यांना काय होईल, याचे अंदाज बांधायला तिथले शास्त्रज्ञ शिकले आणि त्यातून 'इकोसार' ही संगणकप्रणाली घडली. ती कुणालाही मोफत वापरता येते. अजून तयारही न झालेल्या रेणूला आज पहिला प्रश्न असा विचारला जातो.

दुसरा प्रश्न आहे, 'तू जाणार कधी?' हा प्रश्न माणसाला फेसाने शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाच्या जागी कृत्रिम धुलाई पावडरी आल्या. त्यांतला मुख्य रेणू पेट्रोलियममधल्या प्रॉपिलीनच्या तुकड्यांपासून बनवलेला होता. स्वस्त, कडक पाण्यातही उत्तम काम करणारा. काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रं फेसाखाली गेली. काही ठिकाणी विहिरींतून नळाला येणारं पाणीही फेसाळू लागलं. रसायन कपड्यावरून निघालं होतं, पण जगातून जात नव्हतं.

कारण रेणूच्या शेपटीत होतं. कार्बनची लांब सरळ साखळी मिळाली तर जीवाणू टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत ती खाऊन टाकतात. तुपाचं आणि तेलाचंही ते असंच करतात. पण प्रॉपिलीनपासून बनलेल्या साखळीला ठिकठिकाणी आडव्या फांद्या फुटलेल्या होत्या आणि जीवाणूंचं विकर त्या फांद्यांपाशी अडत होतं. रसायनशास्त्रज्ञांनी फांद्या काढल्या आणि शेपटी सरळ केली. धुण्याचं काम तसंच राहिलं आणि जीवाणूंची वाट मोकळी झाली. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये धुलाई द्रव्यांसाठी कायदा केला. अमेरिकेतल्या उद्योगाने १९६५ च्या सुमारास आपणहून सरळ शेपटीचा रेणू स्वीकारला. नद्यांवरचा फेस ओसरला. नदी साफ करण्याचं इतकं मोठं काम आणि तेही रेणूचा आकार बदलून! मला ही रसायनशास्त्राची अतिशय सुंदर कामगिरी वाटते.

आता हा प्रश्न आधीच विचारतात. त्यासाठी शहराच्या घरगुती सांडपाण्याच्या केंद्रातून थोडा गाळ आणतात. त्या गाळात असंख्य जातींचे जीवाणू असतात आणि या नव्या रेणूशी त्यांची ओळख नसते. बाटलीत खनिज क्षारांचं पाणी, थोडा गाळ आणि खाण्याजोगा कार्बन म्हणून फक्त हे रसायन. मग २८ दिवस थांबायचं आणि जीवाणूंच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो ते मोजायचं. रेणूत जेवढा कार्बन होता, त्याच्या ६० टक्के वायुरूपाने बाहेर आला तर रसायन 'सहज विघटनशील'. बाकीचा कार्बन कुठे जातो? जीवाणू त्यातून स्वतःची शरीरं घडवतात. माणसाने घडवलेला, पृथ्वीवर याआधी कधीच नसलेला रेणू महिन्याभरात कुणाच्या तरी देहाचा भाग झालेला असतो. आणखी एक अट आहे. विघटन दहा टक्क्यांवर पोचल्यापासून दहा दिवसांच्या आत ६० टक्के गाठायला हवं. रखडत जाणाऱ्याला उत्तीर्ण करत नाहीत.

या चाचणीत नापास झालेल्या रेणूला तिथेच सोडून द्यावं लागतं असं नाही. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांत पूर्वी दोन लांब चरबीसारख्या साखळ्या थेट नायट्रोजनला जोडलेला रेणू असायचा. तो गाळाला चिकटून राही आणि फार सावकाश मोडे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात त्याच्या जागी नवा रेणू आला. साखळी आणि नायट्रोजन यांच्या मध्ये मुद्दाम एस्टरचा बंध घातलेला. हा बंध पाण्याने आणि जीवाणूंनी तुटतो. वापरून झाल्यावर रेणूचे आपोआप तुकडे पडतात, साखळीची साधी चरबीची आम्लं होतात आणि जीवाणू ती खातात. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. काम संपल्यावर विघटित होईल असाच रेणू रचावा, हे त्यांतलं एक. रेणूचं मरण त्याच्या जन्माच्या आधी आखायचं. पूर्वीच्या पिढ्यांना सुचलं नव्हतं असं हे शहाणपण आहे.

मग येतो मासा. पूर्वी दर मात्रेला निदान सात मासे ९६ तास ठेवायचे आणि किती मरतात ते मोजायचं, अशी पद्धत होती. ती अजून गेलेली नाही, पण तिची गरज कमी करण्यात दोन सुंदर गोष्टी हातभार लावताहेत. पहिली आपल्या देशातली. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये अंगावर निळसर पट्टे असलेल्या एका इवल्याशा माशाचं वर्णन छापलं. हाच तो झेब्राफिश. त्याचं अंडं आईच्या शरीराबाहेर वाढतं आणि काचेसारखं पारदर्शक असतं. त्यामुळे भ्रूणाची घडण दिवसादिवसाने दिसते. २०१३ मध्ये ओईसीडीने भ्रूणांवरची चाचणी मान्य केली. चार गोष्टी पाहायच्या. भ्रूण गोठला का, शरीराचे खंड पडले नाहीत का, शेपटी बलकापासून सुटली नाही का आणि हृदय चालू नाही का. एक भ्रूण एका खाचेत, थोड्याशा पाण्यात. म्हणजे रसायन अगदी थोडं पुरतं आणि पहिल्या टप्प्यावरच विचारता येतं. दुसरी गोष्ट २०२१ ची. रेनबो ट्राउट माशाच्या कल्ल्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आहेत. त्या पेशींवर २४ तासांत चाचणी होते आणि मासा लागतच नाही.

पण मृत्यू हाच एकमेव प्रश्न नव्हे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेली तळी आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट. मासे लगेच मेले नाहीत. मात्र नरांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, प्रजननाची घडी विस्कटली आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची तिथली वस्ती जवळजवळ संपली. द्रव्य सोडणं थांबवल्यावर पुढे ती पुन्हा वाढली. ४८ तासांच्या कुठल्याही बीकरमध्ये हे दिसलं नसतं. म्हणून संप्रेरकांशी खेळणाऱ्या रेणूंसाठी आता वेगळ्या, लांब चाचण्या आहेत.

आपल्याला सर्वांत जवळची आणि सर्वांत दुःखाची गोष्ट गिधाडांची. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध माणसाला चालतं आणि गायीला चालतं. १९९० च्या दशकात भारतात ते जनावरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. त्याच दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्याने कमी होताना दिसली. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कारण सांगितलं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की पक्ष्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. मेलेल्या जनावरांपैकी शंभरातल्या एकाहूनही कमी शवांत औषध असलं, तरी एवढी घट व्हायला ते पुरेसं होतं, असा हिशेब निघाला. एका शवावर कित्येक गिधाडं उतरतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक एवढी उरली. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाच्या दख्म्यांवरचं, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या मनोऱ्यांवरचं, आकाशही रिकामं झालं.

या औषधात तपासणीचा अभाव नव्हता. माणसावर ते तपासलं होतं. ते कुणाच्या ताटात जाईल हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. त्यानंतर जे घडलं ते मला अतिशय धैर्याचं वाटतं. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं, पण ते तपासायचं कुणावर? पक्षी तर संपत चालले होते. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या पशुवैद्यांनी कुठल्या पक्ष्यांना ते दिलं होतं आणि त्यांचं काय झालं, याची माहिती आधी गोळा झाली. मग दक्षिण आफ्रिकेत तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर, कमी मात्रेपासून सुरुवात करत, चाचण्या झाल्या, कारण ती जात तेव्हा संख्येने बरी होती. ती सुखरूप राहिल्यावरच भारतातल्या मोजक्या बंदिस्त गिधाडांना ते दिलं गेलं. निसर्गात जास्तीत जास्त जेवढी मात्रा पोटात जाऊ शकेल, तेवढी. ती जगली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. पुढे कळलं की ॲसिक्लोफेनॅक हे औषध जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. २०२३ मध्ये त्याच्यावर आणि गिधाडांना घातक असलेल्या कीटोप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकावरही जनावरांसाठी बंदी आली.

एका द्रव्याचं दुसरं होणं, हाच या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटलच्या आसपास, कोहो सॅमन समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत परततात. पाऊस पडून रस्त्यांवरचं पाणी ओढ्यात आलं की हे मासे पृष्ठभागावर वेड्यासारखे फिरायचे, तोंड वासायचे आणि काही तासांत मरायचे. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. वर्षानुवर्षं कारण सापडेना. संशय टायरच्या झिजेवर गेला, पण टायर भिजवलेल्या पाण्यात दोन हजारांहून जास्त रसायनं होती. झेन्यू तियान, एड कोलोझी आणि सहकाऱ्यांनी ते पाणी पुन्हा पुन्हा विभागलं. ज्या भागाने मासे मरतात तो ठेवायचा आणि बाकीचा बाजूला करायचा. शेवटी एकच द्रव्य उरलं. १८ कार्बन, २२ हायड्रोजन, दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. टायरमध्ये घातल्या जाणाऱ्या कुठल्याच रसायनाचं हे सूत्र नव्हतं.

मग लक्षात आलं की सूत्र हवेत घडलं आहे. टायरच्या रबराला ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून त्यात '६पीपीडी' नावाचं द्रव्य घालतात. त्यात १८ कार्बन, २४ हायड्रोजन आणि दोन नायट्रोजन. ते टायरच्या पृष्ठभागावर येऊन ओझोनशी स्वतः भिडतं आणि रबर वाचवतं. हेच त्याचं काम. या झटापटीत दोन हायड्रोजन जातात, दोन ऑक्सिजन येतात आणि ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. नंतरच्या नेमक्या मोजणीत निम्मे कोहो मारणारी मात्रा लिटरला ९५ नॅनोग्रॅम निघाली. म्हणजे एक ग्रॅम सुमारे एक कोटी लिटर पाण्याला पुरेल.

आश्चर्य इथे संपत नाही. त्याच ओढ्यांत येणाऱ्या चम सॅमनला या द्रव्याने काही होत नाही. झेब्राफिशलाही त्या मात्रांत काही होत नाही. रेनबो ट्राउट मात्र मरतो. टायर बनवताना ६पीपीडी ओईसीडीच्या सगळ्या नियमांनी तपासलं असतं, तरी निवडलेला मासा झेब्राफिश असता तर क्विनोनचा धोका दिसलाच नसता. आणि ट्राउट निवडला असता, पण आधी ओझोन दिला नसता, तरीही नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून कॅलिफोर्नियाने ६पीपीडी असलेल्या वाहनांच्या टायरना अग्रक्रमाच्या उत्पादनांच्या यादीत घातलं आहे. तिथे टायर विकणाऱ्या कंपन्यांना पर्याय शोधून त्यांची तपासणी करावी लागते. पर्यायाचं काम अवघड आहे. त्याने ओझोनशी भिडायचं आहे, नाहीतर टायरला तडे जातील आणि माणसं मरतील. पण भिडून जे उरेल ते कोहोला सोसवायला हवं. म्हणून अशा उमेदवार रेणूसाठी क्रम उलटा लावावा लागतो. काही मिलिग्रॅम तयार होताच आधी त्याच्यावर ओझोन सोडायचा, जे काही तयार होईल ते वेगळं काढायचं आणि मूळ रेणूच्या आधी त्या अवशेषालाच सॅमनच्या कुळातल्या माशांच्या पेशींसमोर, मग माशांसमोर न्यायचं. त्यात टिकलेला रेणू पुढे रबरात मिसळायला घ्यायचा.